लेकराला नेमकं काय बाधतंय? पदार्थ बंद करून आणि परत देऊन बघण्याची रीत

लेकराचं पोट सारखं बिघडतं, गालावर-कोपरावर चट्टे उठतात, रात्री कळवळून रडतं. मग घरात एकेक पदार्थ बंद व्हायला लागतो. आजी म्हणते दूध बंद करा, आत्या म्हणते गहू उष्ण पडतो, शेजारची म्हणते शेंगदाण्यानं पित्त होतं. महिनाभरात लेकरू वरण-भात आणि केळ्यावर येतं, वजनाचा काटा थांबतो, आणि कशानं बाधत होतं ते शेवटपर्यंत कळत नाही. कारण या सगळ्यात निम्मं कामच झालेलं नसतं. बंद करणं सोपं असतं. बंद केलेलं ठरल्या दिवशी, ठरल्या मापानं परत देऊन बघितल्याशिवाय मात्र काहीही सिद्ध होत नाही. जुलाब दहा दिवसांत आपसूक थांबतात, दात येऊन गेले की चिडचिड जाते, आणि श्रेय दूध बंद केल्याला मिळतं.

खाली दिलेली रीत साधारण सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांसाठी आहे. बालरोगतज्ज्ञांना विचारून करायची आहे, त्यांच्याऐवजी नाही.

आधी हे बघा: घरी प्रयोग करायचाच नाही असं कोण

खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, आवाज बसला, खोकला किंवा धाप लागली, लेकरू एकदम ढिलं पडलं, तर ती ॲलर्जी आहे. तिथे पदार्थ बंद करून, परत देऊन बघण्याचा खेळ नाही. १०८ ला फोन करा, लेकराला आडवं ठेवा, धाप असेल तर बसतं धरा, आणि दवाखाना गाठा. अशा वेळी कामाचं औषध म्हणजे मांडीत द्यायचं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. घरातलं ॲलर्जीचं पातळ औषध गांधींची खाज कमी करतं, श्वास वाचवत नाही. शेंगदाणा, काजू, मासे, अंडी यांचा त्रास बहुतेक वेळा असाच झटपट येतो.

दुसरा प्रकार लवकर ओळखू येत नाही. पदार्थ खाल्ल्यावर एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या, लेकरू पांढरंफटक आणि मलूल. ताप नाही. आठवड्याभरानं तोच पदार्थ दिला की परत तेच. दुधानं होतं तसं हे भातानंही होऊ शकतं, पण पेजेवर कुणी संशय घेत नाही. हेही घरी तपासायचं नाही, दवाखान्यात सलाईनची सोय असताना तपासायचं.

तिसरी गोष्ट वजन. अंगणवाडीतल्या तक्त्यावर लेकराची रेघ सपाट झाली असेल, शीतून रक्त जात असेल, किंवा आधीच दोन पदार्थ बंद असतील, तर पहिल्यांदा तज्ज्ञ. जिल्हा रुग्णालय, नाहीतर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, यांतलं जे जवळ पडेल ते.

दोष अन्नाचाच आहे का?

आपल्या मराठवाड्यात हा प्रश्न आधी विचारावा लागतो. मार्च ते जूनमध्ये टँकरचं पाणी आणि हौदातला साठा चालू असतो. त्या दिवसांत लेकराला जुलाब लागले तर दुधाआधी पाण्यावर संशय घ्या. दोन आठवडे पाणी खळखळून उकळून द्या, बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरा, शीची तपासणी करून जंत आणि जिआर्डिया (जुलाब करणारा सूक्ष्म परजीवी) नाहीत ना ते बघा. यातच बऱ्याच जणांचा प्रश्न सुटतो.

बद्धकोष्ठ असेल तर दूध किती जातं ते मोजा. दिवसाला लिटरभर म्हशीचं दूध पिणारं दोन वर्षांचं लेकरू जेवत नाही, त्याला कडक शी होते आणि रक्तही कमी भरतं. त्याला दूध बंद करायची गरज नाही, ४०० ते ५०० मिलीवर आणायची गरज आहे. आंबट वरण, टोमॅटो, लिंबू खाताना तोंडाभोवती लाल होऊन अर्ध्या तासात जात असेल, तर ती कातडीला लागलेली आंबटाची चुरचुर असते. जेवायच्या आधी तोंडाभोवती थोडं व्हॅसलीन लावलं की बघा थांबते का. आणि इसब असेल तर आधी दोन-तीन आठवडे दिवसातून तीनदा जाडसर मलम आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध नीट लावून बघा. आपल्या कोरड्या हिवाळ्यात नुसत्या कातडीच्या कोरडेपणानंच इसब फुलतो.

वही: दोन आठवडे, काहीही बंद न करता

शाळेची शंभरपानी वही पुरते. नेहमीचंच खायला द्या आणि लिहा. ‘दुपारी जेवण’ असं लिहिलं तर त्याचा उपयोग शून्य. एका दिवसाचं पान असं दिसायला हवं:

सकाळी ८. म्हशीचं दूध १ कप साखर घालून, ग्लुकोज बिस्किटं २.
११. वरण-भात अर्धी वाटी, वर तूप, वरणाला हिंगाची फोडणी.
१:३०. शी, पातळ, फेसाळ, आंबट वास. ढुंगण लाल.
४. पाव भाकरी, दह्यात कुस्करून. शेंगदाण्याची चटणी बोटभर.
७. दूध पाऊण कप.
९. पोट फुगलं, रडणं २० मिनिटं.
आज: ताप नाही, दात येतोय, औषध नाही, पाणी उकळलेलं.

शेवटची ओळ विसरू नका. ताप, दात, लस, अँटिबायोटिक यांपैकी काही चालू असेल तर त्या दिवसांवरून निष्कर्ष काढायचा नाही. शी आणि चट्ट्यांचे फोटो मोबाइलवर तारखेसह ठेवा. डॉक्टरांना ‘जरा चिकट होती’पेक्षा फोटोतून जास्त कळतं.

दोन आठवड्यांनी वही उलटी वाचा, म्हणजे त्रासावरून मागे खाण्याकडे. वरच्या पानावरचा फेस, आंबट वास, लाल ढुंगण ही जुलाबानंतर दुधातली साखर न पचण्याची खूण आहे. आतड्याचं अस्तर झिजलेलं असतं, ते काही आठवड्यांत भरून येतं. अशा लेकराला दही-ताक बहुधा चालतं, कारण विरजणात ती साखर थोडी कमी झालेली असते आणि विरजणातले जंतू उरलेली पचवायला मदत करतात. दुधातल्या प्रथिनाचाच त्रास असेल तर मात्र दही, ताक, पेढा, खवा, सगळ्यानं होतो. हा एक फरक वहीतून दिसला तरी महिन्याची वणवण वाचते. अंगावरचं दूध यांपैकी कशासाठीही तोडायचं नाही.

एकच पदार्थ निवडा, आणि गव्हाआधी रक्त तपासा

संशय तीन पदार्थांवर असला तरी एका वेळी एकच. वहीत सगळ्यात जास्त वेळा जो दिसतो तो आधी. लहान लेकरात बहुधा दूध असतं, मग अंडं, गहू, सोया.

गहू असेल तर थांबा. गहू बंद करण्याआधी सिलिॲकची (ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनानं आतड्याला इजा होण्याचा आजार) रक्ततपासणी करून घ्या: टीटीजी-आयजीए, सोबत एकूण आयजीए. गहू बंद झाला की ही तपासणी खोटी ‘नॉर्मल’ यायला लागते, आणि मग ती नीट येण्यासाठी लेकराला परत कित्येक आठवडे रोज गहू खायला घालावा लागतो. आधीच ज्वारीवर आणलेलं लेकरू डॉक्टरांपुढे नेऊन तपासणी करा म्हणणं ही इथली फार नेहमीची चूक आहे.

शहरात दोनशे पदार्थांची ‘फूड इनटॉलरन्स’ तपासणी आयजीजीवर (रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार) करून देतात. त्यावर पैसे घालू नका. आयजीजी वाढलेलं म्हणजे लेकरू तो पदार्थ खातं, एवढंच त्यातून कळतं.

तारीख ठरवणं

तीन-चार आठवडे घर तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. लग्नसराई, महालक्ष्म्या, दिवाळी टाळा. लातूर-धाराशिवकडे येळवशीचा (वेळा अमावस्येचा) आठवडा तर हमखास टाळा: भज्जीत (त्या दिवशीच्या मिश्र भाजीत) तुरीचे दाणे, वाटाणा, शेंगदाणे, बेसन सगळं एकत्र, आंबिलीत ताक, आणि शेतात प्रत्येक कोपीवर लेकराच्या तोंडात कुणी ना कुणी घास घालणार. वजन सुरू करायच्या दिवशी अंगणवाडीच्या काट्यावर करून घ्या आणि पुढेही त्याच काट्यावर करा.

दूध बंद करताना

गाय, म्हैस, शेळी, तिन्ही बंद. शेळीचं दूध हलकं म्हणून देतात, पण त्यातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असल्यानं गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक लेकरांना तेही बाधतं. दही, ताक, कढी, लोणी, पनीर, खवा, पेढा, आइस्क्रीम बंद. तुपात प्रथिनाचा अंश उरतो, म्हणून हे चार आठवडे तूपही बाजूला. भाकरीला करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल लावा.

चूक होते ती लपलेल्या दुधात. पिठात दूध घातलेली दशमी, ताकातलं धपाट्याचं पीठ, आंबील, ताकातली भाजी, बेकरीचा टोस्ट आणि खारी, देवळातला पेढा. बिस्किटाच्या पुड्यावर मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन यांपैकी काहीही असेल तर ते दूधच. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार दूध, ग्लूटेन असलेली धान्यं, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोया यांची नोंद पाकिटावर असावी लागते; ‘कंटेन्स’ असं लिहिलेली ओळ शोधा. सुट्या मालावर ती नसते, म्हणून महिनाभर सुटा बेकरीचा माल नको. अंगणवाडीतून येणाऱ्या आहाराच्या पाकिटातही दूधपावडर आहे का ते वाचा, आणि ताईंना सांगून ठेवा.

लेकरू एक वर्षाच्या आतलं आणि बाटलीवर असेल तर दुधाच्या जागी भाताची पेज, नाचणीचं पाणी किंवा बदामाचं दूध चालत नाही. डॉक्टर प्रथिनं तोडलेली खास पावडर लिहून देतात. महाग असते, पण तीच लागते. सोयाची पावडर सहा महिन्यांच्या आत नको. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईनं दुधाचे पदार्थ बंद करायचे, चहा कोरा प्यायचा, आणि तिला रोज कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची गोळी डॉक्टरांकडून घ्यायची. ही गोळी राहून जाते.

वर्षावरच्या लेकराचा हिशेब बघा. एक ते तीन वर्षांना रोज ५०० मिग्रॅ कॅल्शियम लागतं. १०० मिली दुधातून साधारण १२० मिग्रॅ मिळतं, म्हणजे ४०० मिली दूध बंद केलं की जवळजवळ सगळंच गेलं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, पण लेकरू खाणार ३० ग्रॅमची सत्त्वाची वाटी, म्हणजे शंभर. छोटा चमचाभर तिळाचा कूट घातला तर अजून पस्तीसेक. नाचणी आपल्या रानात फारशी नाही, किराण्यात मिळते. पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवून भागत नाही. उरलेलं औषधातून द्यावं लागतं, मात्रा डॉक्टर सांगतील. प्रथिनांची चिंता कमी: दाट वरण, मुगाची खिचडी, पिठलं, मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ, खात असाल तर अंडं.

गहू बंद करताना

यात आपण नशीबवान आहोत. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लूटेन नाही, आणि भाकरी घरात असतेच. बंद काय: पोळी, रवा, मैदा, शेवया, ब्रेड, बिस्किट, टोस्ट, जव.

फसवते ती गिरणी. गव्हावर लगेच ज्वारी टाकली की पहिल्या पायलीत गव्हाचं पीठ येतंच, कारण पाळूत आणि पिशवीत ते चिकटून बसलेलं असतं. साध्या त्रासाच्या तपासणीसाठी एवढं चालून जातं: सकाळी गिरणी उघडल्यावर पहिला नंबर लावा, आधी दोन-तीन किलो आपलीच ज्वारी दळून ते पीठ मोठ्यांना ठेवा, पुढचं लेकराच्या डब्यात भरा. सिलिॲक ठरला असेल तर मात्र घरची चक्की किंवा जातं हवं. दुसरी फसवणूक हिंगाची. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. चार आठवडे जिरं-लसणाची फोडणी द्या. भाकरी थापताना परातीत आधीच्या कणकेची पिठी नको, आणि पोळीचा तवा घासून घ्या.

सोया बंद करायचा तर लातूरकडे काही घरांत गव्हात सोयाबीन दळून आणतात, ते आठवणीनं विचारा. सोया तेलही त्या काळात बदललेलं बरं.

किती दिवस, आणि मग काय

दोन ते चार आठवडे. जुलाब, पोटदुखी, फुगणं याचा फरक बहुधा दोन आठवड्यांत दिसतो, इसबाला चार लागतात. वही चालूच ठेवा. मध्ये कुणी पेढा भरवला तर रागावू नका, लिहून ठेवा. तो दिवस लपवला गेला तर पुढचं सगळं चुकतं. घरात ज्या आजी, मामा, मावशी लेकराला घेतात, त्या सगळ्यांना एक सोपा नियम द्या: याला फक्त या निळ्या डब्यातलंच द्यायचं. काय देऊ नका याची यादी कुणाच्या लक्षात राहत नाही.

दर आठवड्याला वजन. दोन आठवडे वाढलं नाही, किंवा उतरलं, तर डॉक्टरांना दाखवा. तपासणीपेक्षा लेकरू महत्त्वाचं.

चार आठवडे नीट पाळून काहीच फरक नसेल, तर तो पदार्थ गुन्हेगार नाही. त्याच आठवड्यात परत सुरू करा. ‘असू दे बंद, नाहीतरी चाललंय’ म्हणून त्यावर दुसरा पदार्थ बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. इसबाच्या लेकरात तर याचा वेगळा धोका आहे: रोज पोटात जाणारा पदार्थ महिनोन्‌महिने तोडला आणि मग अचानक दिला, तर आधी नुसते चट्टे येणाऱ्या लेकराला झटपट, जोराची ॲलर्जी येऊ शकते. म्हणून इसबात विनाकारण काही बंद ठेवायचं नाही आणि परत द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

परत देणं

फरक पडला असेल तरी परत द्यायचंच. डॉक्टरांनी घरी द्यायला हरकत नाही म्हटलेलं असावं, लेकरू आठवडाभर ठणठणीत असावं, पाच दिवसांत ॲलर्जीचं औषध घेतलेलं नसावं, कारण ते त्रास झाकतं. सोमवार-मंगळवारी सकाळी सुरू करा, म्हणजे दवाखाने उघडे असतात. दुसरा कुठलाही नवा पदार्थ त्या आठवड्यात नाही.

वर्षावरच्या लेकराला दूध असं: पहिल्या दिवशी उकळलेल्या दुधाचा एक छोटा चमचा, ५ मिली. दुसऱ्या दिवशी ३०, तिसऱ्या ६०, चौथ्या १२०, पाचव्या दिवसापासून आठवड्याच्या शेवटापर्यंत नेहमीचं एक-दीड कप. गहू असेल तर नखाएवढा पोळीचा तुकडा, मग पाव पोळी, मग अर्धी, मग नेहमीची. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी आईनं आठवडाभर नेहमीसारखे दुधाचे पदार्थ खायचे. उशिरानं होणारा त्रास दोन-तीन दिवसांनीही येतो, म्हणून पहिल्या चमच्यानंतर ‘काही झालं नाही’ असं जाहीर करू नका. पूर्ण माप चालू झाल्यावर आठवडा बघा.

तोच त्रास परत आला तर देणं थांबवा आणि लिहा: कितव्या दिवशी, किती मापावर, किती तासांनी. हे माप पुढे कामाला येतं, कारण काही लेकरांना कपभर दूध बाधतं पण भाजीतलं चमचाभर दही चालतं. नुसतं एकदा पातळ शी झाली तर शंका ठेवा, लेकरू सावरल्यावर परत एकदा द्या. काहीच झालं नाही तर आधीचा फरक योगायोग होता आणि पदार्थ कायमचा सुरू.

ठरलं, मग पुढे

दूध नक्की ठरलं तर साधारण सहा महिने बंद ठेवतात, आणि लेकरू निदान नऊ महिने ते वर्षाचं झालं की पायरी-पायरीनं आणतात. भट्टीत पिठासोबत भाजलेलं दूध सगळ्यात कमी बाधतं, कच्च्याकडे जावं तसं जास्त. म्हणून आधी दूधपावडरचं बिस्किट: पाव तुकडा, मग अर्धं, मग एक. मग दुधात भिजवलेली, दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेली दशमी. मग पनीर, दही, आणि शेवटी उकळलेलं दूध. एका पायरीवर आठवडाभर. त्रास झाला की एक पायरी खाली उतरायचं, पूर्ण बंद नाही. बहुतेक लेकरं तीन ते पाच वर्षांपर्यंत यातून बाहेर पडतात. सुरुवातीला झटपट ॲलर्जी आलेल्यांना ही शिडी दवाखान्यातच.

पुढच्या तपासणीची तारीख आजच वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा. बालवाडीत घालताना त्याच वहीतलं शेवटचं पान फाडून बाईंना द्या: काय बंद आहे, चुकून खाल्लं तर काय होतं, किती वेळानं होतं, आणि कुणाला फोन करायचा.